पाण्याचे ऋण आणि परसातली काकडी



चैत्र लागला. वाल झोडून घरात आले, भाताची शेते उघडी पडली, बांधावरचे गवतही वाळून पिवळे झाले. अशा दिवसांत आमच्या कोलाडच्या बाजूला एखाद्या घराच्या मागे गेलात, तर अचानक डोळे निवतात. पाटाच्या कडेला चार-सहा आळी काकडीची, बाजूला पडवळाचा आणि शिराळ्याचा मांडव, खाली सावलीत लाल माठाचा वाफा, कडेने भेंडीच्या दोन ओळी. मोरीच्या पाण्यावर अळू आणि केळ. घरची वहिनी सकाळी टोपली घेऊन जाते आणि चहाचे आधण उकळेपर्यंत दिवसाची भाजी घेऊन परत येते. पोरे तर टोपलीची वाटसुद्धा पाहत नाहीत. काकडी वेलावरून तोडायची, पंच्याला पुसायची आणि तिथेच मोडून खायची.

हे सुख लहान वाटते, पण त्याचा हिशेब मांडून पाहा. माणसाला रोज निदान तीनशे ग्रॅम भाजी पोटात जायला हवी. पाच माणसांच्या घराला ती दीड किलो झाली. उन्हाळ्याचे अडीच महिने धरले, तर एकशे बारा किलोच्या जवळपास भाजी लागते. एक गुंठा जागा नीट राखली तर यातला मोठा वाटा घरचाच निघतो. बाजारात उन्हाळ्यात भाजी महाग होते तेव्हा हातात पैसा कमी असतो, हे तुम्हांला मी काय सांगावे? परस नसलेल्या घरी अशा वेळी डाळीचे पाणी आणि सुकट यांवरच दिवस निघतात. लहान मुलांना आणि पोटुशी बाईला हिरव्या पाल्याची गरज असते ती वेगळीच.

आता एक प्रश्न विचारतो. आपल्या परसातल्या या काकडीला पाणी कोठून येते?

तुम्ही म्हणाल, पाटातून. पाटाला कोठून? डोळवहाळच्या बंधाऱ्यातून. बंधाऱ्याला? कुंडलिकेतून. बरोबर आहे. पण चैत्र-वैशाखात कुंडलिका वाहते कशी? आपल्या रोहे तालुक्यात पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो, पण तो चार महिन्यांत डोंगरावरून धावत खाडीला मिळतो. आजूबाजूचे ओढे-वहाळ होळीलाच कोरडे पडतात. कुंडलिका तेवढी वाहते, कारण वर भिऱ्याला वीज केंद्र आहे. तिथे जनित्रे फिरवून सुटलेले पाणी नदीत येते. सकाळी नदीची पातळी चढते आणि रबरी होड्यांतून शहरचे पाहुणे खाली येतात, ते याच पाण्यावर.

आणि भिऱ्याला हे पाणी येते ते घाटमाथ्यावरून, मुळशीच्या धरणातून. मुळा नदी ही खरी पूर्वेला जाणारी. तिचे पाणी भीमेला, भीमेचे कृष्णेला आणि शेवटी पलीकडच्या समुद्राला मिळायचे. ते अडवून सह्याद्रीच्या अलीकडे उतरवले, आणि १९२७ सालापासून भिऱ्याला वीज होऊ लागली.

पण त्या धरणाखाली मावळातल्या पन्नासच्या आसपास गावांची शेते, घरे, देवळे जाणार होती. भाताची उत्तम जमीन होती ती. १९२१ सालच्या रामनवमीला मावळे तिथे सत्याग्रहाला उभे राहिले. ‘जान किंवा जमीन’ ही त्यांची घोषणा. पांडुरंग महादेव बापट त्यांचे पुढारी झाले, आणि ‘सेनापती’ हे नाव त्यांना लागले ते या लढ्यापासून. बायामाणसे सुद्धा मागे राहिली नाहीत. लोकांनी मार खाल्ला, तुरुंग भोगला. तीन वर्षे लढा चालला. पण धरण झालेच, आणि मावळ्यांची शेते पाण्याखाली गेली.

चैत्रात आपण राम जन्माचा पाळणा हलवतो, सुंठवडा वाटतो. त्याच दिवशी शंभर वर्षांपूर्वी कोणी आपल्या शेतासाठी धरणाच्या खड्ड्यात जाऊन बसले होते, आणि त्यांच्या बुडालेल्या शेतावरचे पाणी आज आपल्या काकडीच्या आळ्यात येते. हे मी तुम्हांला वाईट वाटावे म्हणून सांगत नाही. पाणी आले आहे, ते वापरावेच. पण कोणाच्या ताटातून ते आपल्या ताटात आले, याची जाणीव ठेवून वापरावे.

ही जाणीव मलाही आधी नव्हती. ती कशी झाली ते सांगतो.

नोकरीला लागून मला थोडीच वर्षे झाली होती. पाटाच्या वरच्या अंगाच्या एका गावात मी घरोघर फिरून उन्हाळी भाजीचे आणि कलिंगडाचे क्षेत्र वाढवले. लोक उत्साही होते. पाट दारातून जात होता. दुप्पट क्षेत्र झाले, वरिष्ठ पाहायला आले, शेतात उभे राहून फोटो काढले गेले. मी खूश होतो.

वैशाखात काही कामाने पाटाच्या शेपटाकडच्या गावात गेलो. पाटात भेगा पडलेल्या. एका घराच्या मागे मांडव उभा होता, पण त्यावर वेल नव्हता, वाळलेल्या दोऱ्या होत्या. घरची आजी ओटीवर बसली होती. मी विचारले, “आजी, मळा का सोडलात?”

ती म्हणाली, “मी कशाला सोडीन सायेब? पानीच हितवर पोचलं नाय. आमच्या वाटचं पानी तुमच्या फोटूत गेलं.”

मी काय बोलणार? तिचे एकच आळे जिवंत होते. तांदूळ धुतलेले आणि भांडी विसळलेले पाणी ती सबंध दिवस एका हंड्यात साठवून संध्याकाळी त्या आळ्याला घालत होती. त्याला तीन काकड्या लागल्या होत्या. मी निघालो तशी तिने त्यांतली एक तोडून माझ्या पिशवीत घातली. नको म्हटले तर म्हणाली, “दारातनं रिकाम्या हातानं कसा धाडू?”

ती काकडी मी घरी नेली, पण घशाखाली उतरली नाही. मी वरच्या गावाला पीक शिकवले, खत शिकवले, औषध शिकवले. पाणी पुढे सोडायला मात्र शिकवले नाही. चूक त्या गावाची नव्हती, माझी होती.

तेव्हापासून उन्हाळी भाजीची गोष्ट निघाली की मी आधी पाण्याचे बोलतो. या आठवड्यात तुम्ही करावयाच्या गोष्टीही त्याच आहेत.

एक, पाणी सकाळी लवकर किंवा सूर्य कलल्यावरच द्यावे. भर उन्हात दिलेले पाणी वाऱ्याने उडते.

दोन, आळ्यात भाताचा पेंढा किंवा वाळलेला पाला चार बोटे जाड अंथरावा. ओल टिकते, तण कमी होते आणि पाण्याची एक पाळी तरी वाचते. फक्त वाळवी लागत नाही ना, हे पाहत जावे.

तीन, पाणी फारच कमी असेल तर मडके वापरावे. कोरे मातीचे मडके बुडाशी बारीक भोक पाडून, त्यात चिंधीची वात घालून, वेलाच्या जवळ गळ्यापर्यंत पुरावे. भरून वर झाकण ठेवावे. दोन-तीन दिवसांनी पुन्हा भरावे. पाणी मुळाशी झिरपते, वाया जात नाही.

चार, भांडी विसळलेले, तांदूळ-डाळ धुतलेले पाणी वेलांना चालते. कपड्यांच्या साबणचुऱ्याचे पाणी मात्र पालेभाजीला घालू नये, ते केळीकडे वळवावे.

पाच, वेलांवर तांबडे भुंगे दिसले तर पहाटे, ते गारठलेले असतात तेव्हा, वेचून रॉकेलच्या किंवा साबणाच्या पाण्यात टाकावेत. फळमाशीने डंख केलेली, गळलेली फळे बांधावर टाकू नयेत, खोल पुरावीत. घरच्या खाण्याच्या भाजीवर औषध मारण्याची वेळ शक्यतो येऊच देऊ नये.

सहा, बी धरावे. काकडीच्या निरोगी, भरपूर लागलेल्या वेलावर एक-दोन चांगली फळे खूण करून पिकू द्यावीत. पिवळी-तांबूस झाली की बी काढून, धुऊन, सावलीत वाळवून, राख लावून ठेवावे. संकरित जातीचे बी धरू नये, त्याची पुढची पिढी एकसारखी येत नाही. आणि दुधीचे घरचे बी असेल तर एक काळजी घ्यावी. रानटी कडू भोपळ्याशी संकर झाला की एखादा वेल कडू निघतो. चिरताना दुधीचा तुकडा जिभेला लावून पाहावा. कडू लागला तर तो अजिबात खाऊ नये, त्याने विषबाधा होते.

आणि सातवी गोष्ट, जी मला त्या आजीने शिकवली. आपले आळे भरले की पाटाचे दार बंद करावे. रात्रभर पाणी मोकळे सोडून निजू नये. आपल्या वांग्यांत डबके साचते तेव्हा शेपटाकडच्या कोणाचा तरी मांडव वाळत असतो. पाटकऱ्याशी बोलून गावागावांच्या पाळ्या ठरवाव्यात, आणि सरपंच असो की साधा खातेदार, पाळी सर्वांनी पाळावी. पाटात गाळ, गवत साचले असेल तर वरच्या आणि खालच्या गावांनी मिळून एक दिवस श्रमदान करावे.

देवापुढे हात जोडून ‘तुझी कृपा’ म्हणणे सोपे आहे, आणि म्हणावेही. पण मुळशीच्या ज्या माणसांचे पाणी आपण वापरतो ती आता नाहीत. त्यांना आपण काय परत करणार? त्यांचे देणे पाटाच्या पुढच्या माणसाला द्यावे, एवढेच आपल्या हातात आहे.

उद्या सकाळी परसात जाल तेव्हा पहिली टोपली भरून झाल्यावर मूठभर भेंडी, एखादे पडवळ शेजारच्या घरी पाठवा. विशेषतः ज्यांच्या विहिरीने तळ गाठला आहे त्यांच्याकडे. मुलांच्या हातून पाठवा, म्हणजे त्यांनाही वळण लागेल. आणि काकडी मोडून खाताना तिच्यातले पाणी कोठून आले, ते त्यांना एकदा सांगा. घाट कसा उतरला, भिऱ्याला वीज कशी झाली, पाट कसा फिरला, हे ऐकायला मुलांना आवडते. माझ्या नातवाला मी सांगितले तेव्हा तो म्हणाला, “म्हणजे आजोबा, ही काकडी घाटावरून आली!”

तसे म्हटले तरी चालेल.

पुढील आठवड्यात भाताच्या बियाण्याची उगवण घरच्या घरी कशी तपासावी, ते पाहू. तोवर आळ्यांवर पेंढा घातलात का, ते पाहून ठेवा.