अर्धे सरफोजी

तंजावूरला गेलेला मराठी माणूस बृहदीश्वराच्या भिंतीवरचा भोसल्यांचा शिलालेख पाहतो, सरस्वती महालात हळहळतो आणि परततो. जवळच, शिवगंगा तळ्याकाठी १७७९चे श्वार्ट्झ चर्च आहे. तिकडे तो फिरकत नाही. ‘मिशनऱ्याचे देऊळ, आपले काय तिथे?’ पहिल्या खेपेला मीही हेच म्हणालो होतो.

आत संगमरवरात मरणशय्येवरचा श्वार्ट्झ आहे आणि त्याचा हात हाती घेतलेले सरफोजी राजे. इंग्रज शिल्पकार फ्लॅक्समनकडून हे शिल्प राजांनीच करवून घेतले. धर्म न बदलता, गुरूच्या ऋणापोटी. १८०३चा तो शिलालेखही त्यांचाच. शिलालेख मिरवायचा आणि शिल्प विसरायचे, हा कुठला वारसा? अर्धे सरफोजी घेऊन परतणाऱ्यांनी त्यांचा अभिमान सांगू नये.