जिन्याखालची तीन बाय पाच फुटांची जागा

गेल्या उन्हाळ्यात आमच्या सासूबाई पाणी कमी पिऊ लागल्या. तांब्या पुढे केला की म्हणायच्या, "ब्याडव्वा, नीर ब्याड." त्यांचे माहेर कन्नड, मनातले बोलायचे झाले की कन्नडच येते. लघवीला जळजळ होऊ लागली तेव्हा डॉक्टरांनी विचारले, "आजी, पाणी का पीत नाही?" सासूबाई गप्प. घरी आल्यावर हळूच मला म्हणाल्या, "रात्री अंगण ओलांडून जायचे, तिथे उकिडवे बसायचे, मग उठता येत नाही. त्यापेक्षा तहान बरी."

मी वरमले. वीस वर्षे वर्गात शिकवते, पण घरातली ही गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती.

भालकी, बसवकल्याण, हुमनाबादकडच्या जुन्या घरांत संडास मागच्या अंगणाच्या टोकाला असतो. पूर्वी टोपलीचे संडास होते आणि मैला उचलणारी माणसे मागच्या बोळातून येत. माणसाने माणसाचा मैला वाहण्याची ती प्रथा 1993 च्या आणि पुढे 2013 च्या कायद्याने बंद ठरवली. संडास पाण्याचे झाले, जागा मात्र तीच राहिली. कोकणात कणकवलीच्या गोपुरी आश्रमात अप्पासाहेब पटवर्धनांनी स्वस्त संडासांचे प्रयोग केले, ते याच प्रश्नापोटी. आपल्याकडे मात्र संडास घरात म्हटले की अजूनही नाके मुरडतात. आमच्याकडेही देवघराची भिंत जवळ म्हणून कुरबूर झाली. सासूबाईंच्या तांब्याकडे बोट दाखवल्यावर ती थांबली.

जिन्याखाली तीन फूट रुंद, पाच फूट लांब अशी अडगळीची जागा होती. तिथे कमोड बसवायचे ठरले, आणि पहिली चूक माझ्याच हातून झाली. गवंड्याने कच्च्या भिंतीपासून नऊ इंचांवर पाइप सोडला. मी "हो" म्हटले. गिलावा झाला, टाइल्स लागल्या, नऊचे साडेसात झाले. नऊ इंचांचे कमोड काही केल्या बसेना. नवी फरशी फोडावी लागली. म्हणून सांगते, माप घ्यायचे ते टाइल्स धरून. भिंतीच्या शेवटच्या पृष्ठभागापासून पाइपाच्या मध्यापर्यंत. दुकानात जाताना हे माप कागदावर लिहून न्यावे, आणि कमोड आधी ठरवून मगच पाइप टाकावा.

दुसरे माप पुढचे. टाकीसकट साधे कमोड भिंतीपासून अठ्ठावीस इंचांपर्यंत पुढे येते, आटोपशीर घेतले तर चोवीस-पंचवीस. लांबट भांड्यापेक्षा गोल भांडे दोनेक इंच वाचवते. बसल्यावर समोर निदान एकवीस इंच मोकळे हवेत, आणि भांड्याच्या मध्यापासून दोन्ही बाजूंच्या भिंती पंधरा-पंधरा इंचांवर. म्हणजे तीन फूट रुंदी पुरते.

भिंतीला टांगायचे कमोड दिसायला सुरेख आणि खालची फरशी पुसायला सोपे. पण त्याचा भार भिंतीवर येतो. आपल्याकडच्या जुन्या भिंती जांभ्या दगडाच्या, मातीत रचलेल्या. अशा भिंतीला ते टांगू नये, जमिनीवरचेच बरे.

जागा वाचवायची म्हणून बैठक बुटकी मात्र घेऊ नका. गुडघे दुखणाऱ्याला सोळा ते अठरा इंच उंची लागते. दार बाहेर उघडणारे किंवा सरकते हवे. आत कोणी पडले तर आत उघडणारे दार त्यांच्याच अंगाला अडते. कडी बाहेरूनही उघडेल अशी घ्यावी. उठायला भिंतीत घट्ट बसवलेला लोखंडी दांडा हवा. खाली गुळगुळीत टाइल्सपेक्षा पॉलिश न केलेली आपली शहाबादी फरशी बरी, ओल्यावर पाय सरकत नाही.

पाण्याचाही विचार हवा. तीन आणि सहा लिटर अशी दोन बटणांची टाकी घ्यावी. खेड्यात गटार नसते, दोन शोषखड्ड्यांचा संडास असतो. त्याचे तीव्र उताराचे भांडे दीड-दोन लिटरांत धुऊन निघते. त्या खड्ड्यांना कमोड जोडायचे तर पाणी वाढते, तेव्हा खड्डे तेवढे पाणी जिरवतील का हे जाणत्या गवंड्याला आधी दाखवावे. ते जमत नसेल तर भांडे तेच ठेवून वर भक्कम, मध्ये भोक असलेली खुर्ची ठेवता येते. खर्चही थोडा.

आमचे काम महिनाभर चालले. पहिल्या रात्री सासूबाई दिवा लावून गेल्या, दांडा धरून उठल्या, परत आल्या. सकाळी स्वतःहून म्हणाल्या, "नीर कोडव्वा." पाणी दे ग बाई.

वाचकहो, तुमच्या घरातले म्हातारे माणूस दिवसाला किती पाणी पिते, एकदा बघा. कमी पीत असेल तर औषधाआधी घरातला संडास कुठे आहे ते पाहा.