जिना उरलेल्या जागेत नको

घराचं काम काढलं की आपण बारीकसारीक हिशोब करतो. स्लॅबला सिमेंट किती, ओट्याला कडाप्पा की ग्रॅनाइट, बुद्धरूप कुठल्या भिंतीला, सगळं आधी ठरतं. जिना मात्र शेवटी, कोपऱ्यात जी जागा उरेल तिथं गवंडी बसवतो. पुष्कळ घरांत ती उभी लोखंडी शिडीच असते. नर्स म्हणून काम केल्यावर माझं मत पक्कं झालं आहे: जिना हा घराच्या आरोग्याचा प्रश्न आहे आणि तो आधी ठरला पाहिजे.

जगात अपघाती मृत्यूंमध्ये रस्त्यांवरच्या अपघातांनंतर पडून होणाऱ्या मृत्यूंचा क्रमांक लागतो, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हातारी पडली, खुब्याचं हाड मोडलं की ती अंथरुणाला खिळते. मग पाठीला जखमा होतात, छातीत कफ साठतो. अंगात रक्त कमी असलेली गरोदर सून डोक्यावर हंडा घेऊन चढताना तिला चक्कर आली, तर दोन जीव धोक्यात येतात.

साताऱ्यात उतारावर घर असलं की रस्त्याच्या खाली एक खोली निघते. तिथं उतरायला चार उभ्या, ओल्या पायऱ्या असतात, आणि तिथंच आजी-आजोबांची खाट टाकतात. ही खोली सामानाला ठेवा. माणूस झोपणार असेल तर खिडकी हवी, पायऱ्यांच्या तोंडाशी उंबरा आणि पाणी जायला गटार हवं. बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवून कधीच झोपू नका. तिचा विषारी वायू झोपेतच जीव घेतो.

सांगलीत, कृष्णेच्या काठच्या वस्तीत, तळघराचा विचारच सोडा. आयर्विन पुलाजवळ 45 फूट ही धोक्याची पातळी; ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 57 फुटांवर गेलं. 2021 मध्ये पुन्हा पूर आला. सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर, काकानगर इथल्या लोकांना हे सांगायला नको. तिथं जिना वर जाणारा हवा. रात्री लाइट गेलेली असताना लेकरू कडेवर, कागदपत्रांची पिशवी हातात आणि सासूबाईंना धरून त्यावरून चढता आलं पाहिजे. उभ्या शिडीवरून हे जमत नाही.

गवंड्याला मापं आधीच सांगा. पायरीची उंची 7 इंच, पाऊल ठेवायची जागा 10 इंच, रुंदी निदान 3 फूट. सगळ्या पायऱ्या सारख्या. एखादी अर्धा-एक इंच उंच झाली तरी माणूस तिथंच अडखळतो. 9 फूट चढायला असा सरळ जिना जवळपास 12 फूट लांब होतो. एवढी जागा नसेल तर मध्ये सपाट टप्पा देऊन जिना वळवा. हाताला धरायला दांडा हवाच, कमरेच्या वर, आणि गजांत 4 इंचांपेक्षा जास्त फट नको. पोराचं डोकं अडकतं. गुळगुळीत टाइल नको, खडबडीत फरशी चालेल. पहिल्या आणि शेवटच्या पायरीच्या कडेला पिवळा पट्टा मारा, मोतीबिंदूच्या डोळ्यालाही दिसतो. दिवा वर-खाली दोन्हीकडून लागेल असं बटण बसवा.

खर्च वाढतो, मान्य आहे. पण बाहेरच्या भिंतीची टाइल पुढच्या वर्षी लावता येते. मोडलेला खुबा पहिल्यासारखा होत नाही.

रमाई आवास किंवा पंतप्रधान आवासच्या घराची पाहणी करायला इंजिनिअर येतात, तेव्हा जोतं आणि छत बघतात. वर मजला चढणार असेल तर जिन्याची मापंही त्यांनी बघावीत, ही मागणी आपण ग्रामसभेत आणि नगरसेवकांकडे लावून धरू. आणि घरात जिना ठरवताना जी दिवसातून वीस वेळा चढणार आहे तिला, आणि जिचे गुडघे दुखतात तिला, आधी विचारा. गवंड्याला त्यानंतर.