अर्धवट दया

मांजरीची पिल्लं एकटी दिसली की आपला जीव कळवळतो आणि आपण गाईचं दूध पाजायला धावतो. मला ही दया अर्धवट वाटते. पिल्लं ऊबदार, शांत असतील तर लांबून वाट पाहावी. आई बहुधा खाणं शोधायला गेलेली असते. नाहीच आली, तर आधी ऊब, मग दूध. गाईच्या दुधाने त्यांना जुलाब होतात. मांजरांसाठीची दूध-पावडर आणावी. पहिला आठवडा दर २-३ तासांनी, रात्रीसुद्धा, पोटावर ठेवूनच पाजावं. उताणं धरलं तर दूध फुप्फुसात जाऊ शकतं. नंतर ओल्या कापसाने, आई चाटते तसं पुसून शी-शू करवावी. एवढं जागरण झेपणार नसेल, तर ज्याला झेपेल त्याच्या हाती पिल्लं द्यावीत. कळवळा क्षणभराचा, बाळंतपण मात्र महिनाभराचं!