श्निट्झेल म्हणजे काप

जर्मन भाषेच्या प्राथमिक पाठ्यपुस्तकात उपाहारगृहाचा धडा आला, की मेनूकार्डावर बहुधा श्निट्झेल असते. आम्हां जर्मन घेतलेल्या विद्यार्थ्यांना त्याचे लिंग, त्याचे अनेकवचन, ते मागवताना वापरायची विभक्ती, सारे तोंडपाठ आहे. पण यंदा भाषामंडळाच्या खाद्यमेळ्यात जर्मनच्या टेबलावर ‘श्निट्झेल’ अशी पाटी लावून जे मांडले होते, ते उकडलेल्या बटाट्याचे कटलेट होते. डुकराचे मांस आवारात नको, असे आधीच बजावण्यात आले होते. मांसालाच बंदी असती तर एक वेळ समजून घेता आले असते. परंतु फ्रेंचच्या टेबलावर कोंबडी सुखाने नांदत होती. बंदी होती ती एका प्राण्याला. त्याविषयी माझे मत मांडावे, एवढ्यासाठी हा लेखनप्रपंच.

प्रथम शब्दाचा निकाल लावू. श्निट्झेल म्हणजे कापलेला पातळ तुकडा. मराठीत चक्क ‘काप’. वांग्याचे काप, सुरणाचे काप आपण रव्यात घोळवून तव्यावर टाकतो, त्याच कुळातला हा पदार्थ. उलट ‘कटलेट’ या शब्दाचा कापण्याशी काही संबंध नाही. तो फ्रेंच भाषेतून आला आणि त्याचा मूळ अर्थ छोटी बरगडी. बरगडीचा बटाटा आपण कधी केला ते आपल्यालाही कळले नाही. नावाच्या बाबतीत जर्मन आणि ऑस्ट्रियन लोक मात्र भलते काटेकोर. नुसते ‘वीनर श्निट्झेल’ म्हणायचे तर मांस वासराचेच हवे. डुकराचे असेल तर तसे नावातच कबूल करावे लागते, असा तिथे नियम आहे. महाराष्ट्रात २०१५ च्या कायद्याने गाय, बैल आणि वळू यांच्या कत्तलीला बंदी आहे, म्हणजे वासराचा प्रश्न निकालात निघाला. डुकराला कायद्याची आडकाठी नाही. शिवाय जर्मनीतल्या घरांतून रोजच्या जेवणात होते ते बहुधा डुकराचेच.

मी ते घरी करते. आमच्या घरी मासे नेहमीचे, मटण रविवारचे आणि डुक्कर कधीच नाही, अशी परंपरा. आईने एकच अट घातली: कढई वेगळी. ती मी पाळते. आई खात नाही, स्वयंपाकघरात थांबतही नाही. पण लिंबू चिरून ठेवते.

कृती अवघड नाही, फक्त घाई चालत नाही. पाठीच्या कण्यालगतचा, कमी चरबीचा भाग घ्यावा. दुकानदाराला ‘लॉइन’ म्हटले की कळते. बोटभर जाडीचे काप करून घ्यावेत. दुधाची रिकामी पिशवी धुऊन, उभी फाडून तिच्यात काप ठेवावा आणि वरवंट्याने मधून कडेकडे ठोकत अर्ध्या सेंटिमीटरपर्यंत पातळ करावा. मीठ, मिरपूड, बस्स. आले-लसूण लावायचा मोह होतो, तो आवरावा. मग आधी मैदा, नंतर फेटलेले अंडे, शेवटी पावाचा चुरा. हा क्रम महत्त्वाचा, कारण कोरड्या मैद्यावर अंडे धरते आणि अंड्यावर चुरा. आपल्या पारशी शेजाऱ्यांच्या कटलेसमध्ये अंडे सर्वांत बाहेर असते, म्हणून तिला जाळीदार झालर येते. इथे चुरा बाहेर. चुऱ्याला लादी पाव उत्तम. दोन दिवसांचा शिळा पाव वाळवून मिक्सरमधून काढावा. पावसाळ्यात मात्र चुरा तव्यावर थोडा गरम करून घ्यावा, नाहीतर मुंबईची हवा त्याला मऊ पाडते. चुरा हाताने दाबून बसवू नये. दाबला की कवच मांसाला चिकटते, आणि श्निट्झेलची खूण म्हणजे कवच फुगून मांसापासून सुटलेले असते.

तळणाबद्दल एक गोष्ट मला फार आवडते. जर्मन गृहिणी ज्याला ‘बुटरश्माल्झ’ म्हणते, ते म्हणजे लोणी कढवून काढलेली निव्वळ स्निग्धता. थोडक्यात, आपले साजूक तूप! काप मोकळा पोहेल एवढे तूप घ्यावे, चुऱ्याचा कण टाकताच तडतडला पाहिजे. कढई हलवत राहिले की गरम तूप वरून वाहते आणि कवच फुगते. एकेका बाजूला दोन-तीन मिनिटे पुरतात. चुरा लावलेला काप ताटात वाट पाहत ठेवू नये; तो ओलावतो. वर लिंबू, शेजारी बटाट्याचे सॅलड.

आता आक्षेपांकडे वळू. हे ‘आपले’ अन्न नाही, असे एका प्राध्यापकांनी मला सांगितले. कोणाचे नाही? ज्या अंधेरीत आपण राहतो, तिथल्या मरोळ, गुंदवली, कोंडिविटा, सहार या गावठाणांतले ईस्ट इंडियन लोक आपल्या कितीतरी आधीपासूनचे रहिवासी. ते घरात मराठीची बोली बोलतात. १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी, त्यांनी हे नाव घेतले, एवढेच काय ते इंग्रजी. उन्हाळ्यात कुटून गडद बाटल्यांत भरलेला त्यांचा बॉटल मसाला आणि लग्नातले डुकराचे इंदियाल हे मराठी अन्न नव्हे काय? वडार, कैकाडी यांनी पिढ्यान्‌पिढ्या डुकरे पाळली. शाहू पाटोळे यांनी २०१५ साली मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या खाद्यसंस्कृतीवर पुस्तक लिहिले आणि त्याला नाव दिले ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’. ‘आपले’ या शब्दातून कोण कोण वगळले जाते, याचा हिशेब एवढ्या नावातच आहे.

दुसरा आक्षेप जंतांचा. अर्धवट शिजलेल्या डुकराच्या मांसातून आतड्यात पट्टकृमी होऊ शकतो, हे खरे. म्हणून ते पूर्ण शिजवावे, आणि एवढा पातळ काप सहज शिजतो. पण ज्या मेंदूतल्या गाठींची लोक भीती घालतात, त्या होतात कृमीची अंडी पोटात गेल्याने. आणि ती अंडी येतात माणसाच्या विष्ठेने दूषित झालेल्या पाण्यातून, न धुतलेल्या भाजीतून. जन्मभर शाकाहारी असलेल्यालाही तो रोग होऊ शकतो.

तिसरा आक्षेप मी गंभीरपणे घेते. माझ्या वर्गात जैन मैत्रिणी आहेत, मुसलमान मित्र आहेत. त्यांना न सांगता, त्यांच्या कढईत काही पडता कामा नये. हा त्यांचा पूर्ण हक्क. पण न खाण्याचा हक्क आणि दुसऱ्याला खाऊ न देण्याचा हक्क या दोन वेगळ्या गोष्टी. २०२३ साली पवईच्या आय.आय.टी.त वसतिगृहांच्या भोजनगृहात सहा टेबले फक्त शाकाहारींसाठी राखली गेली, आणि त्यावर मांसाहार करून निषेध नोंदवणाऱ्या विद्यार्थ्याला १०,००० रुपये दंड झाला. उपनगरांतल्या सोसायट्यांत घर विकत देण्यापूर्वी ‘तुम्ही काय खाता?’ हा प्रश्न येतो, हे घाटकोपर-मुलुंडच्या माझ्या वर्गमित्रांना नव्याने सांगायला नको. तिथे मासळी खाणारे आपण बाहेर, आणि महाविद्यालयात डुक्कर खाणारे बाहेर. घाटकोपरच्या सोसायटीवर चिडणाऱ्या माझ्याच एका मित्राने खाद्यमेळ्यात ‘ते घाणेरडे नको’ म्हटले, तेव्हा मला हसावे की रडावे ते कळेना.

मंडळाला मी लेखी सुचवले आहे ते असे: पुढच्या वर्षी जर्मनचे टेबल कोपऱ्यात, शेगडी वेगळी, कढई वेगळी, चिमटा वेगळा, वाढणारे हात वेगळे. पाटीवर ठळक अक्षरांत ‘डुकराचे मांस’. शेजारच्या टेबलावर वांग्याचे काप, आणि त्यांना वांग्याचे कापच म्हणायचे. मरोळच्या एका वर्गमैत्रिणीने घरचे इंदियाल आणायचे कबूल केले आहे. ते मात्र जर्मनच्या नव्हे, मराठीच्या टेबलावर ठेवावे, अशी तिची अट आहे, आणि मराठी विभागाकडून अद्याप उत्तर आलेले नाही.