बल्बवरची मार्करची तारीख

उमरखेडच्या बाजारात इलेक्ट्रिकच्या दुकानातून एलईडी बल्ब घेतला की दुकानदार त्याच्या पांढऱ्या मानेवर मार्करने तारीख टाकतो. ढाणकी-पोफाळीकडचं गिऱ्हाईक वर्षाच्या आत तो परत घेऊन आलं, की तारीख बघायची, होल्डरला लावून बघायचा आणि मुकाट्याने दुसरा द्यायचा. मेलेले बल्ब काउंटरखालच्या खोक्यात. कंपनीचा माणूस पुढच्या फेरीत ते उचलतो. कंपनी नावापुरतीच असली, तर खोकं भरतच राहतं.

अनेक बल्बांच्या वेष्टनावर आयुष्य छापलेलं असतं २५,००० तास. रोज सहा तास धरले तर अकरा वर्षं! तरी गॅरंटी एक-दोन वर्षांचीच.

छापलेला आकडा निव्वळ थाप नाही. प्रकाश देणारी चिप खरंच टिकाऊ असते. दगा देतं ते तिच्यामागचं सर्किट. घरातल्या विजेचं चिपला चालेल अशा विजेत रूपांतर करणारा हा भाग उष्णतेने मरतो. पैसे वाचवायला उष्णता शोषणारं ॲल्युमिनियम कमी केलं, कपॅसिटर हलका घातला, वरून खेड्यातलं व्होल्टेज वर-खाली झालं, की बल्ब आधी फडफडतो आणि मग विझतो. कित्येकदा एकाच चिपवर काळा ठिपका पडतो आणि साखळी तुटून सगळ्याच चिपा बंद होतात. हाताला कला असलेला कारागीर तेवढी चिप शॉर्ट करून बल्ब आणखी काही महिने चालवतो.

हे स्वस्ताईचं अपत्य आहे. २०१४च्या सुरुवातीला ईईएसएल ही सरकारी कंपनी एक एलईडी बल्ब ३१० रुपयांना खरेदी करत होती. ५ जानेवारी २०१५ला उजाला योजना सुरू झाली, कोट्यवधींच्या एकगठ्ठा निविदा निघाल्या आणि २०१६मध्ये हाच खरेदीदर ३८ रुपयांवर आला. योजनेतून ३६ कोटींहून अधिक बल्ब घरोघरी गेले. साठ-शंभर वॅटचे पिवळे बल्ब गेले, त्यांच्यामागून सीएफएलही गेले. गरिबाचं वीजबिल उतरलं, हे निर्विवाद. पण दर एकदा तळाला गेल्यावर कारखानदाराने कात्री लावली ती न दिसणाऱ्या भागांना.

जुन्या बल्बवाल्यांना टिकाऊपणाची भीती फार आधीपासून होती. १९२४मध्ये जिनिव्हात ओसराम, फिलिप्स आदी कंपन्यांनी एकत्र येऊन बल्बचं आयुष्य १,००० तासांवर आणायचं ठरवलं. इतिहासात ती टोळी ‘फीबस’ नावाने ओळखली जाते. एलईडीने हे गणित मोडलं आणि बड्या घराण्यांना घरगुती बल्बचा धंदा जड झाला. फिलिप्सने २०१६मध्ये दिव्यांचा व्यवसाय वेगळा केला, पुढे त्याचं नाव सिग्निफाय झालं. ओसरामचा बल्बांचा व्यवसाय चिनी गटाकडे गेला. २०२०मध्ये जीईनेही एडिसनपासूनचा वारसा विकला. गंमत अशी, की दरवर्षी बल्ब विकण्याची जी सोय त्या टोळीने कट करून साधली होती, ती आज कुठल्याही कटाशिवाय, नुसत्या भावाच्या स्पर्धेतून परत आली आहे.

सरकारची पावलं मात्र दोन दिशांना पडतात. एप्रिल २०२१मध्ये एसी आणि एलईडीचे सुटे भाग देशात बनावेत म्हणून ६,२३८ कोटींची प्रोत्साहन योजना मंजूर झाली. जुलै २०२२मध्ये एलईडी दिव्यांवरचा जीएसटी १२ वरून १८ टक्क्यांवर गेला. नेमाने कर भरणाऱ्या आणि बीआयएस या मानक संस्थेकडे नोंदणी करणाऱ्या कारखान्याचा माल महाग ठरला. विनापावती, विनाछाप माल विकणाऱ्याला दरातली ती फट आयती मिळाली.

ग्राहकाला दोष देणं सोपं आहे, पण चाळीस रुपयांचा आणि नव्वद रुपयांचा बल्ब लावल्यावर सारखेच उजळतात. आतला कपॅसिटर कोणी पाहत नाही. म्हणून बल्बवर उत्पादनाचा महिना आणि बदलीची मुदत कायमच्या शाईत छापणं कंपन्यांना सक्तीचं हवं. दुकानदाराने आपल्या मार्करने कंपनीची जबाबदारी का वाहावी? नगरपरिषदांनीही रस्त्यावरच्या दिव्यांची निविदा नुसत्या कमी दरावर उघडू नये. पाच वर्षांची देखभाल आणि विझलेला दिवा किती दिवसांत पेटवणार, हे त्याच करारात लिहून घ्यावं. आणि आयटीआयमधल्या इलेक्ट्रिशियनच्या पोरांना बल्बचं सर्किट उघडून दुरुस्त करायला शिकवलं, तर काउंटरखालच्या त्या खोक्यातला निम्मा माल तरी पुन्हा होल्डरला लागेल.