परीक्षा पळविली, आता शाळाही?

दरसाल निकाल लागला की नाशकाच्या चौकाचौकांत क्लासवाल्यांचे फलक झळकतात. पोरांचे फोटो आणि टक्के मोठ्या अक्षरांत. फीचा आकडा मात्र फलकावर नसतो, तो आईबापांच्या कर्जाच्या वहीत असतो! हे पाहून आमची भोळी माणसे समजतात की मार्क पैशाने येतात. पाड्यावरच्या वीस पोरांच्या शाळेने ती आशाच धरू नये.

असे समजणाऱ्यांनी एकवार त्र्यंबकेश्वर तालुक्यातील हिवाळीस जावे. गाव आदिवासी, शाळा जिल्हा परिषदेची. शिक्षक केशव गावित यांनी ती वर्षाचे 365 दिवस, रोज बारा बारा तास चालविली. मुले शंभरापलीकडचे पाढे घडाघडा म्हणतात, संविधानाची कलमे सांगतात, दोन्ही हातांनी लिहितात. दोन हातांनी लिहिले म्हणून कोणी पंडित होत नाही, हे आम्हांसही कळते. पाहुण्यांच्या डोळ्यांत तेवढेच भरते, इतकेच. खरी गोष्ट निराळी आहे. या भागातले आईबाप दिंडोरी-निफाडकडे द्राक्षांच्या बागांत मजुरीस उतरतात. घरी अभ्यास कोण घेणार? अशा पोराला शाळा सुटल्यावरही शाळाच लागते. शहरातल्या पोराला संध्याकाळी घर आणि क्लास जे देतात, ते येथे मास्तरने दिले. शिवाय पोरे थोडी, म्हणून कोणाचे गणित कोठे अडले ते मास्तरला ठाऊक. साठ पोरांच्या वर्गात हे ब्रह्मदेवालाही साधणार नाही!

ही युक्ती काही आजची नव्हे. 1914 साली नाशकात मराठा विद्या प्रसारक समाज निघाला. उदोजी मराठा बोर्डिंगने कुणब्याच्या पोराला दुसरे काय दिले? भाकरी, दिवा आणि अभ्यासावर लक्ष ठेवणारा माणूस.

बरे, सरकारने लहान शाळेच्या निकालास काय हातभार लावला? वाड्या-पाड्यांवरच्या पुष्कळ शाळा चौथीपर्यंतच. त्यांची हुशारी जगास दिसण्याची जागा म्हणजे चौथीची शिष्यवृत्ती परीक्षा. 2016-17 पासून ती पाचवीला नेली. शाळा संपते चौथीला, परीक्षा पाचवीला. वाहवा रे अक्कल! पेरावे पाड्याने आणि कापणी दुसऱ्याच्या खळ्यावर. 2025 साली ती परत चौथीला आणण्याचे ठरले. मधल्या वर्षांतल्या पोरांचा जाब कोण देणार?

आणि परीक्षा परत आली तरी शाळा राहील काय? 2023 च्या सप्टेंबरात वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा मोडून समूहशाळा करण्याचे प्रस्ताव मागविले गेले. राज्यात अशा चौदा हजारांवर शाळा. कारण काय, तर परवडत नाहीत! रयतेच्या साऱ्यावर वरच्या वर्गाचे शिक्षण चालते, हे गाऱ्हाणे जोतीरावांनी 1882 साली हंटर कमिशनपुढे मांडले होते. तेव्हाही खालच्यांच्या शाळाच परवडत नव्हत्या.

दूरच्या पोरांना गाडी देऊ, असे साहेब सांगतात. उत्तम. आषाढात ओहोळ चढला म्हणजे ती गाडी कोठे उभी राहणार, आणि पलीकडच्या सहा वर्षांच्या पोरीला खांद्यावरून कोण आणणार, तेवढे साहेबांनी आधी लिहून द्यावे.